भट्टी बंद होणार म्हणे

भिलाईला जाऊन आले म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी रुंद रस्त्यांचं आणि सेक्टरमधल्या जुन्या झाडांचं काहीतरी सांगते आणि विषय बदलते. खरी गोष्ट अशी की त्या गावात मी भ्याले. इतकी, की परत आल्यावरही कितीतरी दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला की तो उचलायचं मी टाळत असे. ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी कामाचं. गरिबाघरी वीज कितीला पडते, कुठे अडते, याचा मी अभ्यास करते. छत्तीसगड सरकारला हवामानबदल आणि स्वच्छ ऊर्जा यांवर धोरण आखायचं होतं, त्यासाठी एक सल्लागार गट नेमला गेला आणि त्यात माझं नाव आलं. कोळसा कमी करायचा, सौर वीज वाढवायची, हे सांगायला गटात मोठे तज्ज्ञ होते. माझ्या वाट्याला आलेला प्रश्न वेगळा होता: या बदलाचा भार कोणाच्या डोक्यावर पडणार, आणि एकट्या दुबळ्यावर पडू नये म्हणून काय करायचं. हे खोलीत बसून लिहिता येत नाही, म्हणून मी भिलाईला जाते म्हटलं. कोळशावर आणि लोखंडावर जगणारं गाव दुसरं कुठलं निवडणार?

नवा रायपूर

पहिला दिवस राजधानीतल्या सरकारी इमारतीत गेला. बाहेर मे महिन्याचं ऊन पांढरं झालेलं, रस्ते इतके रुंद की माणूस दिसला तर नवल वाटावं, आणि आत एसी एवढा की मला पदर खांद्यावरून लपेटून घ्यावा लागला. आमच्याकडे सरकारी कचेरी म्हणजे जिन्यापासून गर्दी. इथली शांतता मला पहिल्यापासूनच मानवली नाही.

ज्या अधिकाऱ्यांकडे हे काम होतं ते हळू आवाजात बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. निघताना त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "मॅडम, आप वहाँ जो भी बोलेंगी, वो सरकार का बोला हुआ माना जाएगा. ज़रा सँभालके."

मी हसून मान डोलावली. सल्लागाराचं बोलणं कोण एवढं मनावर घेतो, असं मला वाटलं होतं.

वैशाली नगर

माझी पुण्यातली सहकारी शिल्पा मेश्राम. तिचे काका भिलाईत वैशाली नगरात राहतात. गेस्ट हाउसमध्ये राहिले तर गाव कळणार नाही, म्हणून मी त्यांच्याकडे उतरले.

मेश्रामकाका मोठ्या प्लांटमधून, म्हणजे इथल्या सरकारी पोलाद कारखान्यातून, रिटायर झालेले. त्यांचे वडील प्लांट उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडून इथे आले. काकांचं सगळं आयुष्य प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 2 मधल्या क्वार्टरमध्ये गेलं, रिटायर झाल्यावर हे घर बांधलं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि खिडकीत घरघरणारा मोठा कूलर. घरात चौघं: काका, कमलकाकू, मुलगा नितीन आणि सून प्रणाली.

"जय भीम, ताई. या. उन्हात बहुत त्रास झाला असन," काका म्हणाले. काकूंनी पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला. कोल्हापुरातही आम्ही असंच करतो, त्यामुळे क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं.

नितीन संध्याकाळी आला. प्लांटमध्ये त्याला लागता आलं नव्हतं. तो औद्योगिक भागातल्या एका छोट्या रोलिंग मिलमध्ये ठेक्यावर होता. अशा मिलमध्ये लोखंडाचे ठोकळे कोळशाच्या भट्टीत लालभडक तापवतात आणि दाबून त्यांच्या सळया करतात. नितीन भट्टीच्या तोंडाशी उभा असे. दोन्ही हातांवरची लव जळून गेलेली. दर महिन्याच्या एक तारखेला ठेकेदाराचा मुनशी गेट पास नवा करून देतो. पास असेल तर काम, नसेल तर घर. मित्राशी फोनवर तो हिंदीत बोलत होता, आईशी मराठीत, आणि दोन्हींत सारखाच थकलेला.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता, आमच्या तांबड्याइतका तिखट पण चव निराळी, आणि त्याबरोबर भाताचा डोंगर. जेवताना मी माझं काम समजावून सांगितलं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "मोठ्या प्लांटचं सरकार पाहीन, ताई. त्याले पैसाही भेटन, नवी मशीनही भेटन. ह्या छोट्या मिला कोन पाहीन?"

नितीन ताटातला भात कालवत राहिला.

नंतर आम्ही गच्चीवर गेलो. अंधार नुकता पडत होता आणि पूर्वेकडचं आभाळ एकदम तांबडं झालं, जणू कुठेतरी वणवा पेटलाय. मी दचकून काकूंचा हात धरला.

"काही नाई बाई, स्लॅग, भट्टीतला वितळला मळ, ओतून राहिले," काकू म्हणाल्या. "लाल दिसलं म्हंजे प्लांट चालू आहे. आमाले तर अंधाराचं भेव लागते."

कॅम्प-1

सकाळी काकूंनी बोरे बासी दिली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवतात आणि सकाळी कांदा, मीठ, कैरीच्या चटणीबरोबर त्या पाण्यासकट खातात. आमच्याकडे उरलेल्या भाताला फोडणी देतात. गार पाण्यातला भात मला आधी जाईना, पण बाहेर पडल्यावर त्याचं मोल कळलं. नऊलाच ऊन डोक्यात शिरत होतं.

प्रणाली कॅम्प-1 या जुन्या मजूरवस्तीत शिवणाचा वर्ग चालवते. तिच्याबरोबर मी तिथे गेले. सेक्टरमध्ये रस्त्यावर सावली होती, बंगलेवजा क्वार्टर होती. कॅम्पात शिरलो आणि सावली संपली. घराला घर लागून, वर टिनाचं छत, गल्लीत एका हाताला बाजार आणि दुसऱ्या हाताला उघडी दारं. वर्गाच्या खोलीत पंखा फिरत होता तो गरम हवाच खाली ढकलत होता. बायका तरीही हसतमुख होत्या. मी विचारत गेले: कूलर किती घरांत आहे, वीज जाते तेव्हा लेकरांचं काय करता, बिल आलं की कशावर काट मारता. त्या मोकळेपणानं सांगत गेल्या.

मग संगीताबाई नावाच्या एका बाईनं मशीन थांबवलं. तिचा नवरा नितीनसारखाच मिलमध्ये ठेक्यावर होता. "मॅडम," ती म्हणाली, "सरकार कोळसा बंद करून राहिली म्हनते. खरं काय?"

मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, "कोळशाच्या भट्ट्या एक दिवस बंद होतील. पण तिथल्या माणसांची दुसरी सोय झाल्याशिवाय एकही भट्टी बंद होऊ नये, हेच सरकारला सांगायला मी आले आहे." सगळ्यांना समजावं म्हणून तेच पुन्हा हिंदीत सांगितलं. दाराशी कोणीतरी मोबाइल उंच धरून उभं होतं, ते मला दिसलं होतं. हल्ली सगळीकडेच धरतात. मी लक्ष दिलं नाही.

बंद खिडक्या

दुपारी आम्ही जेवायला घरी परतलो. हात धुते आहे तोवर फाटक वाजलं आणि नितीन आत आला. पाळी संपायला बराच वेळ होता. तो अंगणात उभा राहिला, बूटसुद्धा काढले नाहीत.

"कावून आला रे आत्ता?" काकूंनी विचारलं.

उत्तर न देता त्यानं फोन माझ्यापुढे धरला. त्यात माझा चेहरा होता आणि माझं हिंदीतलं एकच वाक्य: कोळशाच्या भट्ट्या बंद होतील. पुढचं वाक्य कापून टाकलेलं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सरकारी मैडम का ऐलान'.

"पूर्ण मिलमध्ये फिरून राहिली ही क्लिप," नितीन म्हणाला. "मुनशीनं बोलावलं. म्हने, ये मैडम तेरे घर रुकी है क्या? मी हो म्हटलं. खोटं कायले बोलू? त्यानं पास घेऊन ठेवला. म्हने, घर जा, बाद में देखेंगे."

प्रणालीनं फोन घेऊन क्लिप पुन्हा लावली. ज्यांचं भलं करायला आले म्हणत होते, त्यांतल्या पहिल्याच घराच्या चुलीवर मी पाणी ओतलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रायपूरचे तेच अधिकारी. आवाज तसाच हळू. "मॅडम, मैं गाड़ी भेज रहा हूँ. आप रायपुर आ जाइए. तब तक किसी से कुछ मत कहिए." मी समजावू लागले तर म्हणाले, "मुझे मालूम है आपने क्या कहा होगा. लेकिन अभी वहाँ मत रुकिए."

त्यांचं 'मत रुकिए' ऐकून मला खरी भीती वाटली. त्यांना काहीतरी माहीत होतं, जे मला नव्हतं.

ते काय असावं हे थोड्याच वेळात कळलं. आधी एक मोटरसायकल येऊन थांबली, मग दोन-तीन, मग पायी माणसं. काकूंनी एकेक करून खिडक्या लावल्या. कूलर खिडकीतच होता, तो बंद करून त्याच्यापुढे फळी सरकवली. खोली भट्टीसारखी तापू लागली. पाठीवरून घाम ओघळत होता. बाहेरून आवाज आला, "मैडम को बाहर भेजो, बात करनी है." आरडाओरडा नव्हता. शांतपणे म्हटलेलं ते वाक्य मला जास्त भयंकर वाटलं.

काका उठले, सदऱ्याची बटणं लावली आणि बाहेर गेले. दार त्यांच्यामागे काकूंनी कडी घालून लावलं. आम्ही कान देऊन उभ्या. काकांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. ते आत आले आणि पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, "मी त्याइले सांगितलं, घरासमोर नाई. संध्याकाळी विहारात या, मॅडम तिथं बोलतीन."

मला न विचारताच त्यांनी कबूल केलं होतं.

ऊन उतरायच्या सुमाराला सरकारी गाडी मागच्या गल्लीत येऊन थांबली. इतका वेळ मला 'तुमी' म्हणणाऱ्या काकू माझा दंड धरून म्हणाल्या, "तू जाय बाई. तुले काही झालं तर शिल्पाले काय सांगू मी?"

"आई, ताई गेल्या तर यांचा पास गेलाच समजा," प्रणाली हळूच म्हणाली.

मी बॅग उचलली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पाय मागच्या दाराकडेच ओढत होते. सल्ला देण्यासाठी मला बोलावलं होतं, मार खाण्यासाठी नाही, असं मी मनाशी म्हणत होते.

नितीन दुपारपासून कोपऱ्यात बसून होता. त्यानं वर पाहिलं. "ताई, एक विचारू? प्रणाली म्हनते तुमी अजून एक वाक्य बोलल्या होत्या. खरंच बोलल्या होत्या काय?"

"बोलले होते."

"मंग तेवढं सांगायले थांबा," तो म्हणाला.

मी मागच्या गल्लीत गेले आणि ड्रायव्हरला विहाराजवळ गाडी आणायला सांगितली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा एकदा त्याच गाडीत बसून पळून जावंसं वाटलं.

विहार

विहार म्हणजे एक साधा हॉल, समोर बुद्धाची मोठी मूर्ती, खाली सतरंज्या. एरवी तिथे वंदनेला वस्तीतले लोक येतात. त्या संध्याकाळी मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, बिहारी, सगळे आले होते. आत जागा नव्हती म्हणून खिडक्यांना माणसं लटकली होती. दाराशी पांढऱ्या शर्टातला एक माणूस हाताची घडी घालून उभा होता. "मुनशी," नितीन माझ्या कानाशी म्हणाला आणि माझ्यापासून दोन पावलं दूर झाला. ती दोन पावलं मला फार लागली, पण त्याचं काय चुकलं?

मी माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला. मोडक्या हिंदीत क्लिपमधलं वाक्य पुन्हा म्हटलं आणि नंतर कापलेलं वाक्य म्हटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अब तो बोलेंगी ही." कुजबुज वाढली.

तेव्हा बायकांतून संगीताबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी होती तिथं. मीच विचारलं होतं. बाई दोन्ही गोष्टी बोलल्या." मग तेच हिंदीत सांगितलं, आणि बसायच्या आधी म्हणाली, "पन मले त्या दुसऱ्या गोष्टीचाही भरवसा नाई."

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. कब बंद होगा? मी म्हटलं, मला माहीत नाही. सोलरवाले हमको काम देंगे? माहीत नाही, द्यावं असं मी लिहीन. सरकार मानेगी? माहीत नाही. प्रत्येक 'माहीत नाही'बरोबर हॉलमधली हवा जड होत गेली. पुढच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला, "तो फिर आप आईं किसलिए?"

माइक हातात धरून मी नुसती उभी राहिले. या लोकांनी मला काही केलं असतं असं आता वाटत नाही. पण समोर एवढे चेहरे होते आणि एकावरही राग नव्हता, सगळ्यांवर तेच होतं जे माझ्या पोटात होतं. एवढी भीती एका खोलीत मी कधी पाहिली नव्हती.

मागून एक म्हातारा छत्तीसगढी गृहस्थ म्हणाला, "मैडम ला झन डरावव गा. ओ तो हमर ले जादा डराय हे." मॅडमला भिववू नका रे, ती आपल्याहून जास्त भ्यालेली आहे. कोणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि मीही हसले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं.

मग बोलणं सरळ झालं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ठेक्यावरच्या माणसाकडे कामाचा कुठलाच पुरावा नसतो, मग उद्या नुकसानभरपाई आली तरी त्याच्या हाती काय लागणार, हे त्यांनीच मला दाखवून दिलं. नितीनही बोलला, दाराकडे न पाहता. मुनशी शेवटपर्यंत उभा राहिला आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

गाडीत बसताना काकूंनी डबा दिला. काका म्हणाले, "लिहा ताई. पन विचार करून लिहा. तुमी लिहून जाता, आमी इथंच राहतो."

परतल्यावर

नितीनचा पास त्याला काही दिवसांनी परत मिळाला. कोणी रदबदली केली की भट्टीवर हात कमी पडले, ते त्याला सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

मी माझा भाग लिहिला. मोठी असो वा छोटी, कुठलीही कोळशाची भट्टी तिथल्या ठेकेदारी कामगारांची दुसरी सोय झाल्याशिवाय बंद करू नये. आणि ते तिथे काम करतात याची नोंद आजपासूनच सरकारनं ठेवावी. मसुदा वाचून अधिकाऱ्यांनी फोन केला. त्यांना तो पटला होता, हे आवाजावरून कळत होतं. पण म्हणाले, "नाम चाहिए, मॅडम. किसने कहा? बिना नाम के ये सिर्फ़ आपकी राय रह जाएगी, और राय सबसे पहले कटती है."

फोन ठेवल्यावर मी भिलाईला लावला. काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, माझं टाका, मी रिटायर आहो, माझं कोन काय घेईन? पण काका मोठ्या प्लांटचे पेन्शनर. छोट्या मिलबद्दल त्यांचं नाव चाललं नसतं. ते मला कळत होतं, आणि मागे नितीन होता, त्यालाही. त्यानं फोन घेतला.

"माझं टाका, ताई."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. कावून नाई वाटणार?" तो म्हणाला. "नाव टाकलं तरी वाटते, नाई टाकलं तरी वाटतेच. मंग टाकूनच द्या."

मी नाव टाकलं. संगीताबाईच्या नवऱ्यानंही नाव दिलं, आणखी काही जणांनी दिलं. मसुदा आता सरकारकडे आहे. त्यातलं काय राहील आणि काय गळेल, कोणी सांगू शकत नाही.

तेव्हापासून दर एक तारखेला, पास नवा व्हायच्या दिवशी, सकाळी मी काकूंना फोन करते. इकडचं तिकडचं बोलते, शिल्पाचं सांगते, आणि शेवटी विचारते, नितीन काय म्हणतो. मागच्या एक तारखेला फोन कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. स्वयंपाकघरात उभी राहून मी नको नको ते मनात आणत राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं ते कळलं नाही.

अर्ध्या तासानं काकूंचाच फोन आला. "बजारात गेली होती वं. काय झालं?"

"काही नाही. नितीन?"

"तो तर कवाचाच गेला कामावर," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीही आज त्याले फाटकापासून पाहत राहिली होती, वळनापर्यंत."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. "थांब, भात उतरवते," त्या म्हणाल्या, आणि फोन चालूच ठेवून आत गेल्या.